समुद्राकडचं दार : चौलचा वेढा का फसला?

अलिबागहून मुरुडकडे जाणारी एसटी रेवदंड्यात शिरते ती जुन्या तटातून. खिडकीशी बसलेल्याला काळ्या दगडाची एक भिंत दिसते, तिच्यावर वाढलेली झाडं दिसतात, आणि पुन्हा नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू होतात. बहुतेकांना जंजिरा गाठायचा असतो, त्यामुळे रेवदंड्याला फारसं कुणी उतरत नाही. उतरलंच तर वाड्यांच्या मधे एक उंच मनोरा दिसतो. गावातले लोक त्याला सातखणी म्हणतात. हा फ्रान्सिस्कन पंथाच्या जुन्या मठातल्या चर्चचा मनोरा.

या मनोऱ्याच्या आसपास १५७१ मध्ये काही महिने भयानक लढाई चालली होती. एका बाजूला अहमदनगरचा मुर्तझा निजामशाह, त्याचं घोडदळ, हत्ती आणि अजस्र तोफा. दुसऱ्या बाजूला पोर्तुगीजांची मूठभर शिबंदी. शिबंदी म्हणजे ठाणं राखायला ठेवलेली पगारी माणसं. पोर्तुगीजांच्या हिशेबाने निजामशाहाकडे दीड लाखाचं सैन्य होतं. त्यांची स्वतःची माणसं सगळी कुमक धरून दोन हजारांच्या आसपास. तरीही ठाणं पडलं नाही.

असं कसं झालं? या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्याकडे तयार असतात. पोर्तुगीज लेखक म्हणतात, आमचं शौर्य आणि मेरी मातेची कृपा. आपल्याकडे म्हणतात, फितुरी. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, पण खरं उत्तर बरंच रुक्ष आहे. ते धान्य, बैल, गलबतं आणि पावसाळा यांच्या हिशेबात सापडतं.

आधी जागा नीट समजून घेऊ. चौल हे फार जुनं बंदर. ग्रीक लोक त्याला सिमुल्ला म्हणत, अरब सैमूर म्हणत. पोर्तुगीज आले तेव्हा खरं चौल, म्हणजे बाजार, विणकर, व्यापारी आणि मशिदी-देवळांचं गाव, खाडीत थोडं आत होतं आणि ते निजामशाहीचं होतं. पोर्तुगीजांना १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशाहाने कोठी आणि किल्ला बांधायची परवानगी दिली ती समुद्राच्या तोंडाशी, आजच्या रेवदंड्यात. म्हणजे एकाच नावाची दोन गावं, वरचं चौल आणि खालचं चौल, एकमेकांना खेटून, दोन मालकांची. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला कुंडलिकेची खाडी आणि खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. जमिनीवरून यायचं तर उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून, म्हणजे वरच्या चौलच्या अंगानेच.

पन्नास वर्षं हे बिऱ्हाड तसं बरं चाललं. पोर्तुगीजांना मसाला आणि कापड मिळे, निजामशाहाला अरबी घोडे मिळत. घोड्यांशिवाय दख्खनच्या सुलतानांचं पान हलत नसे, आणि ते घोडे समुद्रावरूनच येत. पण समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना चाले. त्याला कर्ताझ म्हणत. कर्ताझ नसलेलं जहाज दिसलं की लुटायचं किंवा बुडवायचं, मग ते व्यापाऱ्याचं असो की मक्केला निघालेल्या यात्रेकरूंचं. आपल्याच बंदरातून आपलंच जहाज न्यायला परक्याची चिठ्ठी लागावी, हे कुठल्याही राजाला किती दिवस पटणार?

१५६५ च्या जानेवारीत तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी मिळून विजयनगर मोडलं. एकत्र आलो की काय होतं याची चव त्यांना तिथे लागली. पुढे पाच वर्षांनी विजापूरचा अली आदिलशाह, अहमदनगरचा मुर्तझा निजामशाह आणि केरळातल्या कालिकतचा राजा झामोरिन यांनी पोर्तुगीजांविरुद्ध हात मिळवले. आदिलशाहाने गोव्यावर जायचं, निजामशाहाने चौलवर, झामोरिनने मलबारात दाबायचं. बेत उत्तम होता. पोर्तुगीजांची माणसं आधीच थोडी, त्यांना तीन ठिकाणी वाटायला लावायचं.

१५७० च्या अखेरीस फरहादखान नावाचा निजामशाही सरदार घोडदळ घेऊन चौलजवळ उतरला. १५७१ उजाडताना खुद्द मुर्तझा मुख्य फौजेसह आला. रेवदंड्याचा कॅप्टन होता लुईश फ्रेरे द आंद्राद. त्याच्याजवळ काय होतं? पोर्तुगीज बखरकार सांगतात की गावाला धड तट नव्हता, आणि किल्ला म्हणजे एका घराहून फार मोठा नव्हता. आज जो तट आपण एसटीतून पाहतो, तो बराचसा या वेढ्यानंतर शहाणपण येऊन बांधलेला.

गोव्यात व्हाइसरॉय होता दों लुईश द अताईद. त्याच्या स्वतःच्या दारात आदिलशाह येऊन ठेपला होता. माणसं इतकी तुटपुंजी की पाद्र्यांच्याही हाती शस्त्रं द्यावी लागली. त्याच्या सल्लागारांचं म्हणणं सरळ होतं : चौल सोडून द्या, तिथली माणसं इकडे आणा, गोवा वाचवा. अताईदने ते ऐकलं नाही. उलट दों फ्रान्सिश्कु माश्करेन्यश नावाच्या अधिकाऱ्याला सुमारे ६०० माणसं देऊन चौलला पाठवलं. एवढंच करून तो थांबला नाही. दरवर्षी मिरी-मसाला भरून लिस्बनला जाणारी जहाजंही त्याने वेढा चालू असताना ठरल्या मोसमात रवाना केली. मला हा माणूस आवडतो असं नाही, पण त्याची नस पक्की होती. जहाजं थांबवली असती तर सगळ्या किनाऱ्यावर बातमी गेली असती की फिरंगी घाबरले.

आता आकड्यांकडे वळू, कारण गोष्टीतली गंमत तिथेच आहे. पोर्तुगीज लिखाणात निजामशाहाचं सैन्य असं मोजलंय : ३४,००० घोडा, १,००,००० पायदळ, १६,००० बेलदार-खणकर, ४,००० लोहार-गवंडी-कारागीर, तीनशेहून जास्त हत्ती आणि ४० मोठ्या तोफा. हे आकडे जसेच्या तसे खरे मानू नयेत. जिंकणारा नेहमी समोरच्याची फौज फुगवून सांगतो, तेवढंच आपलं शौर्यही फुगतं. शिवाय स्वतःची माणसं मोजताना पोर्तुगीज बहुतेक वेळा फक्त पोर्तुगीजच मोजत. गावातले स्थानिक ख्रिस्ती, नोकर-गुलाम, खलाशी, माती वाहणारे हात त्या दोन हजारांत धरलेले नसतात. तरीसुद्धा एका बाजूला प्रचंड फौज आणि दुसऱ्या बाजूला अगदीच थोडी माणसं, हे चित्र खोटं नाही.

आपण निजामशाहाचं घोडदळ ३४ हजारांऐवजी फक्त १० हजार धरू. लढाईच्या घोड्याला दिवसाला साधारण चार किलो चंदी लागते, म्हणजे हरभरा, कुळीथ असलं धान्य. वैरण वेगळी. दहा हजार घोड्यांना रोज ४० टन चंदी. ती येणार कुठून? कोकणच्या त्या पट्टीत भात, नारळ आणि सुपारी. हरभरा घाटावरून आणायचा, बैलांच्या पाठीवर. एका बैलाच्या पाठीवर सुमारे १०० किलो ओझं. म्हणजे रोज ४०० बैल छावणीत पोचले पाहिजेत, तेही नुसत्या घोड्यांच्या चंदीसाठी.

अहमदनगर ते चौल अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मधे सह्याद्रीचा घाट. लादलेला तांडा दिवसाला पंधरा किलोमीटर चालला तरी खूप. म्हणजे यायला सतरा दिवस, जायला सतरा दिवस. रोज ४०० बैल पोचायचे असतील तर वाटेवर कायम तेरा-चौदा हजार बैल चालत असले पाहिजेत. तेही खाणारच. त्यात माणसांचं धान्य, हत्तींचा चारा, बंदुकीची दारू, तोफांचे गोळे मिळवा. हा माझा ढोबळ हिशेब आहे, आजूबाजूच्या मुलखातूनही बरंच लुटून-मागवून आणलं असणार. पण पहिल्या महिन्यात जवळची गावं धुऊन निघाली की दुसऱ्या महिन्यात लांब जावं लागतं, तिसऱ्या महिन्यात आणखी लांब. मोठी फौज एका जागी बसली की ती स्वतःलाच खायला लागते.

आता रेवदंड्याच्या आत पाहू. शिपाई, बायकापोरं, नोकरचाकर मिळून पाच हजार तोंडं धरू. माणशी किलोभर तांदूळ म्हणजे दिवसाला पाच टन. पन्नास टनांचं एक गलबत आलं की दहा दिवसांची चिंता मिटली. गलबताला चंदी लागत नाही, घाट चढावा लागत नाही. वाऱ्यावर ते पोर्तुगीजांच्याच वसईहून एखाद-दोन दिवसांत येतं.

वेढा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक गोल येतो. सगळीकडून घेरलेलं, आतल्यांची उपासमार चाललेली. चौलला वेढा होता तो अर्धा गोल. जमिनीची बाजू बंद, समुद्राची बाजू सताड उघडी. त्या दारातून गोव्याची, वसईची, दीवची माणसं येत राहिली, दारूगोळा येत राहिला, जखमी बाहेर जात राहिले. ६०० माणसं आली, मागून आणखी आली, म्हणूनच आकडा दोन हजारांपर्यंत चढला. निजामशाहाच्या मोर्चांना शिबंदी समोर दिसत होती, पण ते लढत होते होर्मुझपासून मलाक्क्यापर्यंत पसरलेल्या एका आरमारी जाळ्याशी. रेवदंडा म्हणजे त्या जाळ्याची फक्त एक गाठ.

हे निजामशाहाला कळत नव्हतं असं नाही. म्हणूनच झामोरिनकडून आरमार मागवलं होतं. कुट्टी पोकर नावाच्या मलबारी सरदाराचा ताफा रात्रीच्या अंधारात पोर्तुगीज जहाजांना चुकवून चौलच्या खाडीत शिरला. दार बंद करायची हीच एक खरी संधी होती. पण ताफ्याचं बळ बेताचं होतं. समोर पोर्तुगीज गॅली, म्हणजे वल्ह्यांची लढाऊ जहाजं, उभ्या होत्या, मलबारी होड्या अचानक छापा घालण्यात पटाईत, आमनेसामने टिकून राहण्यात नव्हेत. काही दिवसांनी तो ताफा जसा रात्री आला तसाच रात्री निघून गेला. माझ्या मते वेढ्याचा निकाल त्या रात्रीच लागला होता, पुढचे महिने नुसती माणसं मरत राहिली.

आणि ती बेसुमार मरत होती, कारण जमिनीवरची लढाई फार वाईट होती. तोफांचंच घ्या. अहमदनगरला तोफा ओतायची मोठी परंपरा होती. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली मुलूख-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरलाच ओतली गेली. चौलसमोर आणलेल्या तोफा शंभर ते तीनशे पौंडांचे, म्हणजे ४५ ते १३५ किलोंचे गोळे फेकत, असं पोर्तुगीज लिहितात. त्या तोफांना नावंही होती. भाषांतर करून सांगायचं तर कुणी क्रूर, कुणी खाटीक, कुणी खादाड.

असल्या तोफेपुढे घराएवढा किल्ला काय टिकणार, असं वाटतं. पण गंमत अशी की तट नसणं हेच काही प्रमाणात पोर्तुगीजांच्या पथ्यावर पडलं. तटबंदीच्या किल्ल्यात एक भिंत असते. ती फुटली की खिंडार पडतं, खिंडारातून फौज आत जाते, खेळ संपतो. इथे फोडायला एक भिंत नव्हती. पोर्तुगीजांनी गावाच्या कडेची दगडी घरं, चर्च, मठ, सगळ्यांना छोटे छोटे बुरूज केलं. मधल्या गल्ल्यांत खंदक खणले, मातीचे बांध घातले. एक घर तोफेने पाडलं की मागे दुसरं घर उभं. पडलेल्या घराचा ढिगारा हाही आडोसाच. पुढे सरकणाऱ्याला दर वीस पावलांवर नवा किल्ला घ्यावा लागे. शिवाय त्या अजस्र तोफा दिवसातून मोजक्याच वेळा उडत. दारू ठासायची, गोळा चढवायचा, तोफ थंड होऊ द्यायची. त्या वेळात आतले लोक टोपल्यांनी माती आणून भगदाड बुजवून टाकत.

गावाबाहेरच्या फ्रान्सिस्कन मठावर सुरुवातीचे मोठे हल्ले झाले. तो बरेच दिवस लढवून शेवटी पोर्तुगीजांना सोडावा लागला. मग घराघरासाठी झुंज. वरून तोफा, खालून सुरुंग. सुरुंग म्हणजे निजामशाहाच्या खणकरांची कमाल : जमिनीखालून बोगदा खणत घराच्या पायाखाली जायचं, तिथे दारू भरायची आणि उडवून द्यायचं. आतल्यांनी कान जमिनीला लावून ऐकायचं, कुठून ठकठक येते ते ओळखायचं आणि उलटा बोगदा खणून त्यांना अंधारात गाठायचं. तिथे दहा हजार घोडे असून उपयोग काय? बोगद्यात एका वेळी दोनच माणसं मावतात. अरुंद गल्लीत दहा. फौज कितीही मोठी असो, प्रत्यक्ष तोंडाशी लढणारी माणसं दोन्हीकडून जवळजवळ सारखीच असतात. फरक एवढाच की मोठ्या फौजेकडे मेलेल्याच्या जागी उभं करायला दुसरा असतो. आणि समुद्र उघडा असेल तर छोट्या शिबंदीकडेही असतो.

आता फितुरीचं. फरिश्ता हा दख्खनचा इतिहास लिहिणारा त्या काळाच्या जवळचा माणूस. तो अपयशाचं खापर निजामशाही सरदारांवर फोडतो. पोर्तुगीजांनी त्यांना नजराणे देऊन, विशेषतः दारू पाजून वश केलं, असं त्याचं म्हणणं. यावर हसावं की रडावं कळत नाही. तिकडे पोर्तुगालहून आणलेल्या द्राक्षाच्या दारूची पिंपं, इकडे घामाघूम झालेले सरदार, आणि मधल्या अंधारात चाललेली देवघेव. खोटं नसावं. दख्खनच्या दरबारात दख्खनी, इराणी, हबशी असे गट होते, आणि एका गटाला यश मिळालं तर दुसऱ्या गटाचं नाक कापलं जाई. राजा तरुण, नुकताच आईच्या हातून कारभार काढून घेतलेला. अशा वेळी शत्रूशी लपून बोलणारे सरदार निघतातच.

तरी फितुरीला मी दुसरा नंबर देईन. वेढा लांबला की फितुरी वाढते. पहिल्या पंधरवड्यात ठाणं पडलं असतं तर दारूची पिंपं फिरवायला वेळच मिळाला नसता. आणि पिंपं आली कुठून? त्याच समुद्राकडच्या दारातून.

उरला पावसाळा. हा भाग कोकणातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. वैशाखअखेरीपासून समुद्राचा रंग बदलतो, ज्येष्ठात होड्या ओढून शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहीपर्यंत कुणी पाण्यात जात नाही. म्हणजे जूनमध्ये रेवदंड्याचं ते उघडं दार निसर्गानेच बंद केलं. आता गोव्याहून मदत येणं कठीण. निजामशाहाने शेवटचा सर्वांत मोठा हल्ला २९ जूनला केला, हा योगायोग नसावा. तेव्हाचं पंचांग जुनं होतं, आजच्या हिशेबाने ती तारीख ९ जुलै होते. म्हणजे ऐन आषाढातला पाऊस.

दार बंद होतं हे खरं, पण त्या दारातून पाच महिने जे आत यायचं ते येऊन गेलं होतं. कोठारं भरलेली होती, माणसं होती. उलट बाहेरच्यांचे हाल सुरू झाले होते. मोर्चांत पाणी, बंदुकीची दारू दमट, तोफा चिखलात रुतलेल्या, घाटाच्या वाटा घसरड्या, बैल येईनासे झालेले, छावणीत आजार. हत्ती भिजतो तेव्हा गोड दिसतो, पण तीनशे हत्तींचं शेण आणि दहा हजार घोड्यांची लीद कोकणच्या पावसात एका छावणीत साचली तर काय होत असेल याची कल्पना करा. इतिहासाच्या पुस्तकात हे येत नाही. पण जुन्या काळच्या लढायांत तलवारीपेक्षा हगवणीनेच जास्त माणसं मारली.

२९ जूनच्या हल्ल्यात निजामशाही शिपाई काही ठिकाणी आत घुसले, दिवसभर हातघाई झाली, आणि संध्याकाळी ते परत फिरले. त्यांचे तीन हजार पडले असं पोर्तुगीज सांगतात. आकडा कमी-जास्त असेल, पण कणा मोडला हे नक्की. २४ जुलैला तह झाला. फरहादखानासारखे सरदार एका बाजूने, माश्करेन्यश आणि आंद्राद दुसऱ्या बाजूने. अटी पाहिल्या तर एवढ्या मरणाचं वाईट वाटतं : जवळजवळ सगळं पूर्वीसारखंच. निजामशाहाचा डोळा तोवर वऱ्हाडाकडे लागला होता, आणि १५७४ पर्यंत त्याने ते जिंकलंही. आदिलशाहानेही गोव्याचा वेढा त्याच वर्षी उठवला. माश्करेन्यश पुढे दहा वर्षांनी स्वतःच गोव्याचा व्हाइसरॉय झाला.

इथे कुणी म्हणेल, समुद्र, समुद्र काय लावलंय, पोर्तुगीज लढवय्येच होते म्हणून वाचले. त्याची परीक्षा त्याच वर्षी, त्याच युद्धात झालेली आहे. कालिकतच्या दक्षिणेला नदीच्या मुखाशी चाल्यम नावाचा पोर्तुगीज किल्ला होता. शिबंदी तशीच थोडी, पोर्तुगीजच. झामोरिनने तो १५७१ मध्ये घेरला. इथे मात्र नदीच्या मुखावरच तोफा आणून ठेवल्या, त्यामुळे मदतीच्या होड्यांना आत शिरणं महाकठीण झालं. आतलं धान्य संपलं. म्हाताऱ्या कॅप्टनने, जॉर्ज द काश्त्रूने, किल्ला खाली केला. झामोरिनने तो इतका पाडला की दगडसुद्धा कालिकतला नेले. आणि त्या म्हाताऱ्या कॅप्टनचं पुढे पोर्तुगीजांनीच गोव्यात डोकं उडवलं, शरण गेला म्हणून. एका बाजूला चौलचे वीर, दुसऱ्या बाजूला चाल्यमचा अपराधी. दोघांमधला फरक धैर्याचा किती आणि नदीच्या मुखावरच्या तोफांचा किती, हे गोव्याच्या न्यायाधीशांनी विचारात घेतलेलं दिसत नाही.

मराठ्यांनाही हा धडा लगेच मिळाला नाही. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा घातला होता. तोवर तिथे भक्कम तट उभा होता, समुद्र तसाच उघडा होता, आणि चौल पुन्हा वाचलं.

पण चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेकडे या नजरेने पाहावं. शाळेत आपल्याला शेवटचे काही दिवस शिकवतात : सुरुंग, फुटलेला बुरूज, खिंडारातून घुसणारे मावळे. खरी मोहीम त्याआधी दोन वर्षं चालू होती. १७३७ मध्ये ठाणं आणि साष्टी घेतली. साष्टी म्हणजे वसईचं धान्याचं कोठार, तेच काढून घेतलं. मग केळवे, माहीम, तारापूर, वर्सोवा, धारावी, एक एक ठाणं करत वसईच्या हातापायांच्या दोऱ्या कापल्या. समुद्रावर मानाजी आंग्र्यांची गलबतं. पोर्तुगीजांचं आरमार तोवर दीडशे वर्षांपूर्वीचं राहिलं नव्हतं. मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली तर त्यांनी पंधरा हजार रुपये दिले, तेही चर्चची चांदी आणि पितळी तोफा गहाण ठेवून. १७३९ च्या फेब्रुवारीत वसईला प्रत्यक्ष वेढा पडला तेव्हा ती आधीच अर्धी उपाशी होती. तरी मराठ्यांची हजारो माणसं कामी आली. मे महिन्यात, म्हणजे पावसाळा तोंडावर असताना, वसई पडली. उशीर झाला असता तर चिखल आणि हगवण इथेही वाट पाहतच होती.

वसईनंतर चौलही फार काळ टिकलं नाही. ज्या गाठींच्या जोरावर ते १५७१ मध्ये तगलं, त्यातली सर्वांत जवळची गाठच सुटली होती. १७४० च्या तहात पोर्तुगीजांनी चौल आणि खाडीपलीकडची कोर्लई मराठ्यांना देऊन टाकली.

पोर्तुगीज शिपाई आणि अधिकारी गेले, पण सगळे गेले नाहीत. रेवदंड्यावरून साळावचा पूल ओलांडून कोर्लईला गेलात तर किल्ल्याच्या पायथ्याशी एक छोटी ख्रिस्ती वस्ती आहे. घरात म्हाताऱ्या माणसांशी बोललात तर ती तुमच्याशी मराठीत बोलतील, आणि मागे वळून नातवाला हाक मारताना एका वेगळ्याच भाषेत. शब्द बरेचसे पोर्तुगीज, वळण पुष्कळसं मराठी. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात. आमची भाषा.